गार हातानं शिवू नये

सोमवारचा दुसरा तास संपत आला होता. आठवीच्या वर्गाला मी फळ्यावर समास सोडवून दाखवत होते आणि टेबलावरचा मोबाईल थरथरत थरथरत पार काठाशी आला. सासूबाईंचा फोन शाळेच्या वेळात कधी येत नाही. ‘मास्तरीणबाईचा टैम’ त्या कटाक्षानं पाळतात. म्हणून वर्गाबाहेर जाऊन घेतला. पलीकडून त्या एवढंच म्हणाल्या, “माय, सुजा उठून नाही राहिली.” उठत नाही म्हणजे काय, झोपलीय का, असं मी जरा वैतागूनच विचारलं. “हाक मारली की डोळे उघडायली, पर वळखून नाही राहिली… शेजारच्यानं गाडी बोलावलीय दवाखान्यात न्यायला. तुमी निघा.” त्यांचा आवाज इतका सपाट होता की मला आधी ते खरंच वाटलं नाही. मी वर्गात परत गेले, अर्धा राहिलेला समास पूर्ण केला, डस्टर जागेवर ठेवलं, आणि मग नवऱ्याला फोन लावला.

सुजाता माझी नणंद. माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, धाकटी बहीण. लातूरला एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं, आईला घेऊन तिथेच राहायची. आम्ही नांदेडला. नांदेडहून लातूरला जाताना लोहा लागतं आणि लोह्याजवळच्याच एका खेड्यात ही बहीणभावंडं वाढली. त्या फाट्यावरून जाताना मिलिंद दर वेळी सांगतो, “इथून आम्ही शाळेत पायी जायचो,” आणि मी दर वेळी म्हणते, “मागच्या खेपेलाही इथूनच जायचात.” त्या दिवशी फाटा आला आणि गेला. मागच्या सीटवर आमची मुलगी मैत्री आत्याचा नंबर लावत होती, तो वाजून वाजून बंद पडत होता. अहमदपूरच्या अलीकडे शेजाऱ्यांचा फोन आला. मिलिंदनं तो ऐकला, गाडी बाजूला घेतली, चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा पुसला. सुजाता गेली, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

लातुरात तिच्या गल्लीत तिला ‘उंदरंवाल्या मॅडम’ म्हणायचे. कॉलेजच्या मागच्या बाजूला तिची एक खोली होती, तिथे पिंजऱ्यांतून पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर ठेवलेले असायचे आणि तिचं सगळं संशोधन त्यांच्यावर चालायचं. शरीरात जे रस तयार होतात, आमच्या पाठ्यपुस्तकात ज्यांना संप्रेरकं म्हणतात, ते मेंदूत जाऊन वागणं कसं बदलतात, हा तिचा विषय. गल्लीतल्या बायकांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या तिला अडवून विचारायच्या, मॅडम, घरात लई उंदरं झालेत, कशानं मरतील? ती चेहरा जराही न हलवता सांगायची, “भीतीनं.” बायका हसायच्या. ती हसायची नाही, कारण ते तिनं मोजून पाहिलेलं होतं.

लग्न होऊन मी नवी नवी या घरात आले तेव्हा नणंदेनं मला लातूर दाखवायला न्यायचं ठरलं. हिनं मला नेलं ते थेट त्या उंदरांच्या खोलीत. नवी साडी, हातभर हिरवा चुडा, आणि नाकात तो भुसा अन् मुताचा कुबट वास… मी पदर नाकाला लावला तर म्हणाली, “वहिनी, वास घे. आपला वास त्यांना येऊन राहिलाय, त्यांनी कुठं पदर लावलाय?” मग पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी तिनं दोन्ही तळहात एकमेकांवर जोरजोरात चोळले, गालाला लावून पाहिले, पुन्हा चोळले. हे काय म्हटलं, तर म्हणाली, “गार हातानं शिवू नये. घाबरतात. घाबरले की रक्तात भीतीचा रस चढतो आणि मग मी काय मोजते? माझ्या हाताची भीती मोजते.” मला वाटलं, असेल त्यांच्या शास्त्रातला नियम. पुढे पाहिलं तर ही बाई सगळ्यांनाच तसं करायची. कुणाच्या कपाळाला ताप बघायचा असो, आईचे पाय चेपायचे असोत, हात आधी चोळणार, मग लावणार. उन्हाळ्यात, लातूरच्या उन्हाळ्यातसुद्धा. आम्ही तिची यथेच्छ थट्टा करायचो. मिलिंद म्हणायचा, आमची सुजा राखी बांधायच्या आधीपण हात गरम करती.

एकदा मात्र तिनं ते वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. गावाकडचा तिचा आजा दुकानात गेला की वाणी पुडा खाली ओट्यावर ठेवायचा आणि लांब सरकायचा, मग आज्यानं तो उचलायचा. ती लहानपणी त्याचं बोट धरून जायची. ती म्हणाली, “आजा रस्त्याच्या मधून कधीच चालायचा नाही, बघ. भिंतीच्या कडेकडेनं. माझे उंदीरपण तसेच. आईनं ज्यांना चाटलं नाही, जवळ घेतलं नाही, ते मोठे झाले की मोकळ्या पेटीत सोडलं तरी मधे येत नाहीत. भिंतीला चिकटून फिरतात. शिवणं ह्या एका शब्दावर आमच्या गावाचा अख्खा कारभार चालायचा, वहिनी. आणि मला पगार कशाचा? तर शिवल्यानं काय होतं ते मोजायचा.” एवढं बोलून ती मेथीच्या काड्या टाकायला उठली. मी त्या घरची सून, माझ्या माहेरीही हेच सगळं भोगून झालेलं, पण मला हे असं कधी सुचलं नव्हतं.

तिचं मुख्य काम आईपणावर होतं. बाळंत न झालेल्या उंदरिणीसमोर पिल्लू ठेवलं तर ती दचकते, लांब पळते, कधी चावतेसुद्धा. तीच मादी बाळंतपणाच्या तोंडावर आली की रक्तातले रस बदलतात, मेंदूत आणखी एक रस सुटतो, आणि ज्या वासाची तिला किळस होती तोच वास तिला ओढून घेतो. मग ती पिल्लू तोंडात धरून घरट्यात आणते, चाटत बसते, भूक विसरते. “गावाकडं आपण म्हणतो ना, म्हैस पान्हावली,” सुजाता म्हणायची, “तो पान्हा नुसता आचळात नसतो, आधी डोक्यात सुटतो.” मला ऐकून कसंसंच व्हायचं. म्हणजे माया म्हणजे काय, रस का? मी मराठीची मास्तरीण, माझं सगळं दुकान मायेवर चाललेलं. मी चिडून विचारायची आणि ती मिटल्या ओठानं हसायची. मग एकदा तिनं पुढचा भाग सांगितला. त्याच न बाळंत झालेल्या मादीजवळ रोज पिल्लं ठेवत गेलं, रोज, न चुकता, तर आधी ती पळते, मग नुसती बघते, मग वास घेते, आणि काही दिवसांनी ती त्यांना तोंडात धरून घरट्यात आणायला लागते. अंगात बाळंतिणीचा रस नसताना. “नुसतं जवळ राहून,” ती म्हणाली. हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा, आणि तो चेहरा फार वेळा उजळणारा नव्हता.

हे नुसतं ऐकण्यापुरतं राहिलं नाही. मैत्री काही महिन्यांची होती आणि माझी बदली किनवटच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेवर झाली. राहायला धड खोली नाही, पोरीला सारखा खोकला. शेवटी सासूबाईंनीच निर्णय घेतला की लेकरू लातूरला राहील. मैत्रीला सोडायला गेले तेव्हा सुजाता दारात उभी होती, हात चोळत. तोवर तिनं पोरीला फारसं घेतलं नव्हतं, लहान मूल म्हटलं की ती चार हात लांबच असायची. मी सुट्टीला यायची, तेव्हा पाहायची. आधी दुपट्यासकट, अंगापासून लांब धरून ती पोरीला न्यायची. मग मांडीवर. मग कॉलेजातून आल्याबरोबर, चप्पल काढायच्या आधी. माझी बदली होऊन मी परत आले आणि हात पुढे केले तर मैत्रीनं आत्याच्या ओढणीत तोंड लपवलं. मला फार लागलं ते. आजही लिहिताना लागतं. सुजाता माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, “वहिनी, रागावू नको. हिला काय माहिती, मी बिनबाळंतीण उंदरीण आहे म्हणून.” मी रडता रडता हसले. त्यानंतर पोरगी कुणाची हा प्रश्न आमच्या घरात कुणी काढला नाही, ती दोघींची होती.

पण या कामाची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर ती मला माफ करायची नाही. प्रयोग संपला की ते उंदीर मारावे लागतात. मेंदूत काय बदललं, ते मेंदू बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. बाकीचे लोक ते काम दुसऱ्यावर सोपवायचे, ही स्वतः करायची. तेव्हाही हात आधी गरम करायची. मी एकदा विचारलं, मारायचंच आहे तर गरम हात कशाला? “घाबरून मेला तर मोजमाप चुकतं,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, “आणि घाबरून मरू नये कुणी.” यातलं खरं कुठलं, तर म्हणाली दोन्ही. त्या दिवशी ती घरी येऊन कुणाशी न बोलता आधी न्हाणीत जायची, आणि सासूबाई म्हणायच्या, “कामून गं, कुणाच्या मयतीला गेलतीस का?” ती आतूनच “हाव” म्हणायची.

दोनेक वर्षांमागे तिचं डोकं दुखायला लागलं. मग बाजूचं दिसेना, दाराच्या चौकटीला खांदे आपटायचे. हैदराबादला नेलं. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, शरीरातल्या बाकी सगळ्या ग्रंथी तिच्या हुकमात चालतात. नेमकी तिच्यावर गाठ. गाठ साधी होती, नाकातून शस्त्रक्रिया करून काढली, पण तिच्याबरोबर ती ग्रंथीही गेल्यातच जमा झाली. जन्मभर ज्या रसांचा तिनं अभ्यास केला ते आता तिच्या अंगात आपोआप तयार होणार नव्हते, बाहेरून गोळ्यांनी द्यायचे होते. त्यातली एक पांढरी गोळी सगळ्यांत महत्त्वाची. सकाळी अंथरुणातच, मग दुपारी, मग दिवेलागणीला. ताप आला की दुप्पट. उलट्या लागल्या तर पोटात गोळी टिकत नाही, म्हणून लगेच दवाखाना आणि इंजेक्शन. हे तिनं मला आणि मिलिंदला समोर बसवून, विद्यार्थ्यांना विचारावं तसं उलटसुलट विचारून पाठ करून घेतलं.

आईला मात्र तिनं हे सांगितलं नाही. कारण ती गोळी स्टिरॉइड होती, आणि हा शब्द आमच्या घरात उच्चारायची सोय नव्हती. माझे सासरे गवंडी होते, गुडघे गेलेले. बाजारच्या दिवशी एक डॉक्टर म्हणवणारा यायचा, त्याच्या पुड्या खाल्ल्या की दुखणं पळायचं. सासऱ्यांचं तोंड गोल गरगरीत झालं, लोक म्हणायचे तब्येत सुधारली. मग एके दिवशी त्यांना रक्ताची उलटी झाली आणि दुसऱ्या उलटीला ते गेले. सरकारी दवाखान्यात कुणीतरी चिडून म्हणालं की या माणसाला वर्षानुवर्षं स्टिरॉइड खाऊ घातलंय. सासूबाईंना इंग्रजीतले फार शब्द येत नाहीत, पण हा एक त्यांनी शिवीसारखा लक्षात ठेवला. सुजाता म्हणाली, “हे नाव ऐकलं की आई रात्रंदिवस माझं तोंड सुजलंय का बघत बसंल. मी तिला सांगितलंय, ताकतीची गोळी आहे.” आम्हालाही ते बरोबर वाटलं. आणि सासूबाईंनीही ते मनावर घेतलं. रोज सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन त्या लेकीच्या उशाशी उभ्या. “सुजा, ताकतीची घे.”

शस्त्रक्रियेनंतर ती बदलली. गोळीनं जगणं चालू राहिलं, बाकीचं नाही. रडणं गेलं, चिडणं गेलं, थट्टा गेली. चालताना भिंतीच्या बाजूनं चालायला लागली, मला तिचा आजा आठवायचा. मैत्री बारावीत चांगल्या गुणांनी पास झाली आणि पेढे घेऊन पहिल्यांदा आत्याकडे धावली, तर आत्या म्हणाली, “बरं.” पोरगी पेढा हातात धरून उभीच राहिली. मग स्वयंपाकघरात सुजातानं माझा दंड धरला. हात चोळून, मगच. म्हणाली, “वहिनी, मला काहीच वाटलं नाही गं. वाटायला पाहिजे हे मला कळून राहिलं होतं. ती समोर उभी होती आणि मला वाटलं, ही कुणाची पोरगी आहे… मी इतकी वर्षं हिला जीव लावला, तो मी लावला होता की त्या हरभऱ्यानं?” आयुष्यभर मी तिच्याशी याच प्रश्नावर भांडत आले होते आणि आता मी माझ्याच बाजूनं बोलावं म्हणून ती माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर तिनं एक सुरू केलं. रोज दिवेलागणीला, गोळी घेतली की मैत्रीला फोन. काय खाल्लंस, काय शिकवलं, कुणाशी भांडलीस. आवाज कोरडा, हजेरी घेतल्यासारखा. मैत्री वैतागायची, “आत्या मनापासून बोलत नाही, कर्तव्य करून राहिली.” मी सुजाताला तसं सांगितलं तर म्हणाली, “बरोबर आहे तिचं. मन नाहीच आहे सध्या. पण मी रोज जवळ जाऊन राहिले. त्या उंदरिणीला नव्हतं का आलं? येईल.” अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. प्रेम वाटतं म्हणून फोन करणारे सगळेच असतात, काहीच वाटत नसताना रोज ठरल्या वेळी फोन करणारी ही एकच पाहिली. गेल्या दिवाळीत आम्ही सगळे लातूरला होतो. मैत्री काहीतरी बावळटपणा करत होती आणि सुजाता फस्सकन हसली. हसून झाल्यावर स्वतःच दचकली. मी डोळ्यांनीच विचारलं, आलं का? तर मान तिरकी करून म्हणाली, “थोडंसं. गोळीचं का माझं, कोण जाणे.” मी म्हटलं, काय फरक पडतो? “मला पडतो,” ती म्हणाली.

ते तिला कळायचं राहून गेलं. शनिवारी ओळखीच्या एका घरी जेवायला गेली होती, तिथून आल्यावर पोट बिघडलं, उलट्या सुरू झाल्या. पुढचं सगळं मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं, त्यांनी ते मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे असल्यासारखं दिसतं. रविवारी सकाळी सुजातानं गोळीसाठी हात पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, “पोटात अन्नाचा कण न्हाई. ताकतीची गोळी गरम पडती माय, आतडं जळंल. जरा पेज टिकू दे, मंग घे.” आमच्याकडे कुणीही हेच म्हणालं असतं. ताकतीचं औषध गरम असतं, ते भरल्या पोटी घ्यायचं, पोट बिघडलं की बंद ठेवायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि सुजाता म्हणाली, “बरं.” दुखण्याआधी वरणात मीठ किती यावरून आईशी तास तास भांडणारी बाई, नुसतं “बरं” म्हणून कुशीवर वळली. पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तो रस अंगातून उतरायला लागला की माणसाला ग्लानी येते, विचार सुचत नाही, विरोध करायचं बळ राहत नाही. ज्या डोक्यात हे सगळं ज्ञान होतं, ते डोकंच त्या रसावर चालत होतं. रविवारी दिवेलागणीला फोन आला नाही म्हणून मैत्रीनं केला, तर सासूबाईंनी उचलला. “झोपलीय. सकाळी बोलंल.” पोट बिघडल्याचं बोलल्या नाहीत. आम्हाला कशाला फिकीर, म्हणून.

दवाखान्यात आम्ही पोहोचलो तेव्हा सासूबाई बाकावर बसल्या होत्या, पदर डोक्यावर, हात मांडीत. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मिलिंदला म्हणाल्या, यांची एक गोळी चालू असणार, ती कधीपासून बंद होती? मिलिंद काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “ताकतीची व्हय? ती म्याच देली न्हाई. उलट्या व्हायल्या व्हत्या.” डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही खाली पाहिलं. मग त्या बाकापुढे उकिडव्या बसल्या आणि चांगल्या शब्दांत म्हणाल्या की आजी, ती ताकतीची नव्हती, त्या गोळीवरच त्यांचं शरीर चाललं होतं. सासूबाईंनी एकेक शब्द ऐकला. अडाणी असल्या तरी त्या बुद्धू नाहीत. विचारलं, “काय नाव तिचं? स्टिरॉइड?” डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. सासूबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या, “बापाला त्यानं मारलं. आन लेकीला ते म्या न्हाई देलं म्हून…” आणि त्यांनी आपले दोन्ही हात असे उचलून पाहिले, जणू त्यांना काही लागलंय.

तिला अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा सासूबाई जवळ आल्या नाहीत. बायका म्हणत होत्या, माय, या, लेकीच्या अंगावर पाणी घाला. त्या दाराच्या चौकटीपाशी उभ्या, म्हणाल्या, “म्या शिवनार न्हाई.” या घरातल्या बाईच्या तोंडून हे शब्द ऐकणं काय असतं ते मी समजावून सांगू शकत नाही. शेवटी मी आणि मैत्री पुढे झालो. मैत्रीनं पाण्यात हात घालायच्या आधी तळहात एकमेकांवर चोळले, गालाला लावून पाहिले, पुन्हा चोळले, मग आत्याच्या कपाळाला हात लावला. चौकटीतून सासूबाई बघत होत्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नांदेडला आमच्या घरी झाला. बुद्धवंदना झाली, कॉलेजातल्या लोकांनी तिच्या अभ्यासाबद्दल, शिस्तीबद्दल चांगलं सांगितलं. कुणी म्हणालं, आजार मोठा होता, इलाज नव्हता. त्यावर मागच्या रांगेतून सासूबाई उठल्या. मिलिंदनं त्यांना खाली बसवायला हात पुढे केला, तो त्यांनी चुकवला. “इलाज व्हता,” त्या म्हणाल्या. “गोळी व्हती. म्या बंद केली. मला वाटलं गरम पडंल. तुमच्या घरी कुनाला असली गोळी आसंल तर इचारा, कशाची हाय. पोरं झाकून ठिवत्यात, तुमी इचारा.” एवढं बोलून त्या बसल्या. पुढे काही दिवसांनी त्यांनीच मला म्हटलं, “तू पेपरात लिहितीस न्हवं? मंग लिही. माझं झाकू नको.” म्हणून हे लिहिलंय. सुजातावर लिहायचं तर मी तिच्या उंदरांवर लिहिलं असतं, मैत्रीवर लिहिलं असतं, तो रविवार वगळला असता. पण तिच्या आईनं वगळू दिला नाही.

आता सासूबाई आमच्याकडे असतात. लातूरचं घर बंद केलंय, उंदरांची खोली कॉलेजनं कुणाला दिली हे आम्ही विचारलं नाही. त्या जेवतात, औषध घेतात, पण कुणाला शिवत नाहीत. भाकरी थापत नाहीत, मैत्रीचे केस विंचरून देत नाहीत, वाटीसुद्धा खाली ठेवतात आणि हात मागे घेतात, मग आम्ही उचलायची. मैत्री रोज दिवेलागणीला, फोनच्या वेळेला, त्यांच्या खाटेशी जाऊन बसते. हात चोळते आणि त्यांच्या पायांवर ठेवते. त्या पाय ओढून घेतात. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. मी एकदा म्हटलं, नसेल आवडत तर राहू दे गं. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, तुला माहितीय ना, मी काय करून राहिले.” माहिती होतं.

परवा मी दारातून पाहत होते. मैत्रीनं हात चोळले, पायांवर ठेवले, आणि सासूबाईंनी पाय ओढले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, “गार हायेत तुझे हात. अजून चोळ.” मैत्रीनं पुन्हा चोळले. “अजून.” तिनं अजून चोळले. “सकाळी रानातून आलं की हात गार पडायचे थंडीत,” त्या म्हणाल्या, “तशीच सुजाला उचलायची म्हनलं की ती किंचाळायची. मंग चुलीम्होरं चोळायचे. गार हातानं लेकराला शिवू नये, हे तिला म्याच शिकिवलं व्हतं.” आम्ही इतकी वर्षं तो प्रयोगशाळेतला नियम समजत होतो. मैत्री खाली मान घालून हात चोळत राहिली. सासूबाईंनी आपला एक हात मांडीवरून उचलला, तिच्या हातांजवळ नेला, आणि न लावताच तिथे धरून ठेवला, शेगडीजवळ धरावा तसा.

“सुजाचे लौकर गरम व्हायचे,” त्या म्हणाल्या.